खंडेनवमीनंतरची फणी

टेबलाखाली झेंडूची पाकळी.

पडद्यावर प्रकाशाची फणी. दाते सारख्या अंतरावर.

ललितचा मेसेज: द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय. तो कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहतो.

फायबरच्या टोकावर कुंकवाचा कण.

गाइड प्रतिभा मॅडम: "फार देखणी आहे. म्हणूनच शंका येते."

रूपालीलाही येत होती. तांदळाच्या दाण्याहून लहान अर्धवाहक कडी, तिच्यात लेझरचा प्रकाश गोल फिरतो. क्वचित तो आपणच गोळा होतो आणि न पसरता फिरत राहतो. तो सॉलिटॉन. मग एका रंगाऐवजी रंगांची फणी दिसते. रूपालीच्या पीएचडीला तीच हवी होती. तीन वर्षं दिसला एकच दाता. खंडेनवमीला तिचा जोडीदार संशोधक ललित याने एकट्याने यंत्रांची पूजा केली, आणि दसऱ्यानंतर ती येते तो लेझर चालू, फणी तयार.

ललित उगवला.

"काय केलंस याला?" रूपालीने विचारलं.

"हळद-कुंकू वाहिलं. झेंडू तुमच्याच मळ्यातला."

"बाहेरून सिग्नल सोडलास?"

"वायरी तपासा, फौजदारीणबाई."

तिने तपासल्या. जादा एकही नव्हती. कुंकवावरून उलटा फिरलेला प्रकाशही फसवतो, म्हणून तिने फायबर पुसला. फणी जागेवर.

"आणखी कशाला हात लावलास?"

"कशाला लावू?" तो पाकळी उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

तिचा संशय पक्का झाला. "खरी असेल तर परत येईल," म्हणत तिने लेझर बंद केला. पुन्हा चालू करून करंट शून्यापासून वर नेला, नेहमीसारखाच, नेमक्या त्याच आकड्यावर.

एक दाता.

पुन्हा केलं. एक दाता.

"शोधनिबंध उद्या पाठवायचा होता," मॅडम दारातून म्हणाल्या.

"नका पाठवू. फणी खोटी होती."

ललितने तोंड उघडलं, मॅडमकडे पाहिलं आणि मिटलं. न विचारता करंटच्या बटणाला हात लावणाऱ्याला त्या महिनाभर प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नसत.

खंडेनवमीला ललितने यंत्र झगमगावं म्हणून करंट खूप वर नेला होता, आणि पूजलेलं यंत्र लगेच बंद करू नये म्हणून तो हळूहळू उतरवत त्याच आकड्यावर आणून सोडला होता. त्या आकड्यावर खालून चढत आलं की एकच दाता, वरून उतरत आलं की फणी.