उकळू दे पाणी

पिस्तुल गंजवलं होतं निल्दानंच. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि चार वर्षं तिचं तिलाही कळलं नव्हतं.

पिस्तुल तिच्या बापाचं. बायेस्तर बनावटीचं, इथल्याच देशात घडलेलं, जाडजूड गोळीचं. सदतीस वर्षं बाप ते घेऊन कोलोनिया सान हेर्वासिओच्या नेमबाजी क्लबात चार नंबरच्या जागेवर उभा राहिला. बाप गेला, कागदपत्रं निल्दाच्या नावावर झाली. पिस्तुल मात्र चामड्याच्या म्यानात पडून राहिलं. यंदा पंचवीस मेच्या, म्हणजे राष्ट्रीय सणाच्या दिवशीच्या, जुन्या हत्यारांच्या स्पर्धेत तिनं नाव दिलं आणि म्यान उघडलं. नळीत डोळा लावला तर आत तांबूस चिखल.

क्लबाचा अध्यक्ष डॉक्टर इतुर्बे. माणूस वकील, पण इथे वकिलालाही डॉक्टर म्हणावं लागतं, नाहीतर साहेबांचं तोंड वाकडं होतं. घरात काचेच्या कपाटात चाळीस पिस्तुलं, सगळी निकेलनं चमकवलेली. त्यातल्या एकातूनही त्यानं कधी गोळी झाडली नव्हती. घोडी विकत घ्यायची आणि पेंढा भरून दिवाणखान्यात उभी करायची, असली ही जात.

"निल्दाबाई, या नळीतून गोळी सरळ जाणारच नाही, आडवी होऊन जाईल," सगळ्यांदेखत तो म्हणाला. "तुमच्या वडिलांची आठवण अशी रांगेत उभी करून हसं कशाला करून घेता? माझ्या कपाटात मानानं राहील."

"मानानं तर मेलेली माणसं राहतात, डॉक्टर."

"मग असं करू. स्पर्धेआधी तीन गोळ्या तुम्ही चाचणीला झाडा. कागदावर एक जरी भोक लांबट पडलं तर पिस्तुल रांगेतून बाद, आणि मी देईन त्या भावात माझं. कबूल?"

धान्याच्या वजनकाट्यावर वीस वर्षं ट्रकवाल्यांशी भांडलेली बाई ती. "कबूल," म्हणाली. आणि घरी येऊन ओट्याशी बसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती उबाल्दोकाकांकडे गेली. काका रेल्वेच्या कारखान्यातले जुने फिटर, बापाचे दोस्त. गावातली सगळी जुनी हत्यारं त्यांच्याच हातून जात. त्यांनी आधी पिस्तुल रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं, मग ते खोललं. वरचं सरकतं कवच, स्प्रिंग, नळी, मुठीच्या लाकडी फळ्या, सगळं जुन्या वर्तमानपत्रावर मांडलं. फळ्यांखालीही गंज होता.

"तुझा बाप असं ठेवणारा नव्हता," काका म्हणाले. "सैन्याची जुनी काडतुसं वापरायचा. त्यांच्या धुरात खार असतो, तो तेलानं निघत नाही, पाण्यानंच निघतो. म्हणून तो प्रत्येक वेळी नळीत पाणी ओतायचा. शेवटचं कुणी धुतलं?"

"मी. बाबा अंथरुणावर होते. म्हणाले, किटलीतलं पाणी ओत, पूस, तेल लाव. मी तसंच केलं."

काकांनी येर्बाच्या, इथल्या कडवट पानांच्या चहाच्या, तुंब्यातून एक घोट ओढला. "पाणी उकळलं होतं?"

निल्दानं काकांच्या किटलीकडे पाहिलं.

येर्बाला उकळतं पाणी चालत नाही. पानं जळतात, चव मरते. किटली गुणगुणायला लागली की उतरवायची, हे इथल्या पोराला चालण्याआधी येतं. तिच्या घरी किटली उकळली तर आजी पाठीत धपाटा घालायची. निल्दानं त्या दिवशीही किटली वेळेवर उतरवली होती. बाप आजारी असला म्हणून हाताची सवय थोडीच आजारी पडते!

"उकळतं पाणी लोखंड तापवतं," काका म्हणाले. "तापलेलं लोखंड आपलं आपण वाळतं. तू कोमट आंघोळ घातलीस, ओल्या अंगावर तेल थापलंस आणि वर चामड्याचं पांघरूण घातलंस. चामडं ओल धरून ठेवतं, गाढवे."

"म्हणजे मीच मारलं."

"मेलंय की नाही ते मला ठरवू दे. तू रॉकेल आण."

नळी आठ दिवस रॉकेलात बुडून राहिली. रोज कामावरून सुटल्यावर निल्दा यायची आणि पितळी ब्रश आतून फिरवायची. आधी चिखल निघाला, मग लाल पाणी, मग काळं. बाहेरचा भाग तिला घासून चकचकीत करायचा होता. काकांनी हातावर चापट मारली. "तो झिजलेला काळा रंग तुझ्या बापाच्या तळहातानं झिजलाय. तो खरवडायचा असेल तर सरळ इतुर्बेच्या कपाटात नेऊन घाल."

नवव्या दिवशी काकांनी नळी उजेडाकडे धरली. "बघ. खळगे आहेत, देवी आलेल्या तोंडासारखे. पण आटे उभे आहेत. आट्यांनीच गोळीला पीळ बसतो."

स्प्रिंग दमली होती, ती बदलली. घोडा ताणून सुरक्षेची कळ पुन्हा पुन्हा तपासली. मग क्लबाच्या मागच्या बांधावर पिस्तुल जुन्या टायरला बांधून, दूर भिंतीआड राहून, काकांनी दोरीनं चाप ओढला. पिस्तुल शाबूत राहिलं. गोळी मातीत गेली. सरळ गेली की आडवी, ते माती कसं सांगणार?

पंचवीस मेला झाडाखाली लोक्रोचं पातेलं रटरटत होतं, मका आणि भोपळा फुटून एक झाला होता. निल्दा चार नंबरला उभी राहिली. डॉक्टर मागे हाताची घडी घालून.

तीन आवाज झाले.

कागद आणायला डॉक्टर स्वतः गेला. येताना त्याची चाल मंदावली. चष्मा चढवला, कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"मागून चौकोनी दिसतात काय?" काका ओरडले. रांगेतले सगळे हसले.

तीन भोकं. एक पार खाली, डावीकडे, लाजिरवाणं. पण तिन्ही गोल, बापाच्या सदऱ्याच्या बटणांसारखी.

"खालचं भोक नळीचं नाही, तुझ्या हाताचं आहे," काका म्हणाले. "चाप झटक्यानं ओढतेस."

"माहितीये हो!"

स्पर्धेत निल्दा अकरावी आली. बारा जण होते. बारावा आलेला पाववाला तिला म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी मी म्यानातून काढतच नाही." ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळे तुंबा घेऊन शेगडीभोवती बसले. निल्दानं किटली चढवली. किटली गुणगुणली, तिनं हात लावला नाही. झाकण थडथडायला लागलं तशी म्हातारी मंडळी कळवळली.

"अगं, पाणी जळलं! उतरव ना!"

"बापानं काही शिकवलं की नाही हिला?"

निल्दानं उबाल्दोकाकांकडे पाहिलं. आयुष्यात एकदाही उकळतं पाणी न प्यायलेल्या त्या माणसानं आपला तुंबा पालथा ठेवला.

"ओरडू दे त्यांना," काका म्हणाले. "उकळू दे चांगलं."

तिनं पिस्तुलाची खोललेली नळी फडक्यात धरली आणि तिच्यात वाफाळती धार ओतली. खालून काळं पाणी आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. नळी हाताला चटका देण्याइतकी तापली आणि बघता बघता कोरडी ठणठणीत झाली. मग तिनं तेल लावलं. चामड्याचं म्यान तिनं त्या दिवशी घरून आणलंच नव्हतं.