जूनमधला बर्फ

परशुरामशेटांनी ठरवूनच टाकलं होतं. मिरकरवाडा बंदराजवळच्या आपल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्यांचं दुसरं मोठं यंत्र बसवायचं, तेही आंब्याची बाग बँकेकडे गहाण ठेवून. कागद तयार होते, सही तेवढी उरली होती. बाग हातची जाईल या धास्तीने अवनीची, त्यांच्या मुलीची, झोप उडाली होती.

ती नुकतीच भौतिकशास्त्र शिकून आली होती. तिने तीन वर्षांच्या वह्या चाळून कोणत्या महिन्यात किती पैसा हातात येतो याचा आलेख काढला. बोटवाले बर्फ नेत आणि दीड महिन्याने पैसे देत. जून-जुलैत मासेमारीला बंदी, बोटी झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, कारखान्याला कुलूप. आलेख तिथे सपाट झोपलेला.

"बाबा, यंत्र नफा देईल, मान्य. पण जूनचा हप्ता कशातून भरणार?"

"ऑगस्टात बोटी सुटल्या की."

"बँक ऑगस्टपर्यंत थांबेल?"

शेट तरीही मागे हटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याच्या फाटकाशी कोळणींची गर्दी होती. त्यांच्यातल्या गोदूबाई गोणपाटात लादी घालून दांडक्याने फोडत होत्या. अवनीने तराजू आणून मोजलं, तर पाव लादी वाया जात होती. तयार चुरा मिळाला तर घ्याल का, असं तिने विचारलं. रोज आणि रोखीने घेऊ, असं सगळ्या म्हणाल्या. पावसाळ्यातही खाडीची मासळी विकावीच लागते, तेव्हा बर्फासाठी कुठे कुठे फिरावं लागतं, तेही सांगून झालं.

चुऱ्याचं छोटं यंत्र मोठ्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात येत होतं. निम्मे पैसे कारखान्याच्या शिलकेत होते. उरलेल्या निम्म्यांसाठी गोदूबाईंनी आपल्या बचत गटाची बैठक घेतली आणि थेट शेटांसमोर येऊन बसल्या.

"चार महिन्यांच्या बर्फाचे पैसे आधी देतो, शेट. बोटी शाकारल्या म्हणून आमची पोटं काय सुट्टीवर जातात?"

शेटांनी आलेख मागवला. जूनच्या सपाट जागेवर बराच वेळ बोट ठेवून बसले. मग मोठ्या यंत्राचा विचार दोन वर्षं पुढे ढकलून त्यांनी छोट्याची ऑर्डर दिली.

दहा जूनला बाहेर धो धो पाऊस आणि आत कारखाना सुरू. शेट स्वतः फावड्याने टोपल्या भरत होते, भिजलेल्या सदऱ्यात, शीळ घालत. गोदूबाईंनी आपली टोपली पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

"दाबून भरा हो शेट. पैसे आधी दिलेत आम्ही."