कुलपातला नवरदेव

आधीच सांगून ठेवते, कुलूप वाईट नव्हतं. कुलूप गुणी होतं, वाईट आमची खोड. पण त्या रविवारी सकाळी हे मला कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्या टाळक्यात जॅकचा दांडा घातला असता.

मी वार्सिनी. जावा बेटावरच्या पेकालोंगानच्या गादी कारखान्याचा ट्रक चालवते, बावीस वर्षं झाली. किनाऱ्याच्या रस्त्यावर असा एक खड्डा नाही ज्याला मी शिवी दिलेली नाही. ट्रकच्या मागे लोखंडी पेटी, पेटीत गाद्या, आणि गाद्यांच्या मागे अख्ख्या गल्लीचा संसार. आमच्याकडे कुणी कुठं निघालं की शेजारपाजारचे सामान देणारच. लेकीला खारवलेली अंडी, जावयाला लुंगी, कुणाची शिवणयंत्राची पायपट्टी. नाही म्हणायची सोयच नाही. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, आणि दुखावलेला शेजारी आमच्याकडे तीन पिढ्या टिकतो. म्हणून पेटीची किल्ली माझ्या गळ्यात, आणि दर गावाला पाच मिनिटं थांबायचं.

शनिवारी कारखान्यात बिनसार आला. हा पलीकडच्या सुमात्रा बेटावरचा, मेदानकडच्या बाताक जमातीचा, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. त्यानं माझं जुनं कुलूप उपटून फेकलं आणि विजेवर चालणारं नवं बसवलं. हातभर लांब, काळं, वर एक लाल दिवा. मग त्यानं मला आणि माझ्या भावाला, कार्याडीला, समोर उभं करून भाषण दिलं. दार लागलं की काय होतं, उपग्रह काय करतो, वर्तुळ कुठलं, परवानगी कुणाची. माझ्या एका हातात गरम तळलेलं टोफू आणि दुसऱ्या हातात हिरवी मिरची. भाजलेल्या तोंडानं माणूस किती लक्ष देणार?

"कळलं का, बू?" बिनसार ओरडला. बू म्हणजे आमच्याकडे बाई.

"हो हो."

"तुम्हाला?"

"हो हो," कार्याडी म्हणाला.

आता बाहेरगावचा माणूस, घाम पुसत एवढं सांगतोय, त्याच्या तोंडावर 'कळलं नाही' कसं म्हणायचं? त्याला वाटेल आपल्याला सांगता आलं नाही. आमच्याकडे असा अपमान कुणी करत नाही. त्यापेक्षा मान डोलवायची आणि पुढचं पुढं बघायचं.

कार्याडी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यापासून मीच वाढवला. कारखान्यात हमाल आहे, मनानं सोनं आहे, पण 'हो' म्हणण्यात त्याचा हात धरणारा साऱ्या जावा बेटावर नाही. या 'हो'पायी त्याचं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं. पहिल्यांदा लग्नाच्याच दिवशी त्यानं साहेबाला जादा पाळीसाठी 'हो' म्हटलं होतं. दुसऱ्यांदा सासऱ्यांनी तारीख जुन्या पंचांगाप्रमाणे सांगितली, यानं 'हो' म्हटलं आणि पाच दिवस उशिरा नटूनथटून हजर! मुर्याती, म्हणजे आमची नवरी, वेलेरीला तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या, बनवते. सोयाबीन पायांनी तुडवणारी बाई, तिला काय भीती कुणाची. तिनं मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं: "ताई, रविवार शेवटचा. आजोबांनी मुहूर्त काढलाय, दुपारच्या नमाजाआधी. तोवर तुमचा भाऊ उभा राहिला तर ठीक. नाहीतर मंगळवारी मी मलेशियाला मावशीकडे. तिकीट काढून ठेवलंय."

आणि मालकांनी मला नेमकं काय विचारावं? "रविवारी मांगकांगच्या गोदामात माल पोचवशील का?" मी म्हटलं, हो! हसू नका. वेलेरी वाटेवरच आहे, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. बाकीची वऱ्हाडी मंडळी शनिवारीच भाड्याच्या गाडीनं पुढं गेली. नवरदेव आणि नवरीला द्यायच्या भेटींची अकरा ताटं माझ्याबरोबर.

ताटं पेटीत ठेवली. कापड, चपला, अत्तर, केळीचा घड, एका टोपलीत कोंबडा, आणि माझ्या हातचा गूळ घालून केलेला चिकट भाताचा मनोरा, गुडघाभर उंच. पेटीचं दार अजून उघडंच होतं, कारखान्याच्या आवारातच ट्रक वळवला तशी आतून धडधड. उतरून बघितलं तर मनोरा कलला होता.

"ताई, मी आत बसून धरतो," कार्याडी म्हणाला. अंगात काळा जरीचा कोट, डोक्यावर टोपी, पाठीला खंजीर. राजपुत्रच!

"मळवशील कोट."

"नाही मळवत. गाद्या आहेत ना."

मी दार लावलं. कुलूप 'टिक' म्हणालं. मला वाटलं, वा, काय गोड आवाज आहे.

आठ वाजता वेलेरीला पोचले. दारात मांडव, डफवाले रांगेत, नवरीकडच्या बायका दागिन्यांत चमचमतायत. मी तोऱ्यात उतरले, गळ्यातली किल्ली काढली. किल्ली घालायला भोकच नाही! चारी बाजूंनी चाचपलं. गुळगुळीत. लाल दिवा मात्र मख्ख बघतोय. मी बिनसारला फोन लावला.

"बिनसार, बाबा, कुलूप उघड."

"तुम्ही गोदामात पोचलात?"

"नाही, वेलेरीत आहे."

"मग नाही उघडणार! काल सांगितलं ना? एक तर मांगकांगच्या गोदामाच्या आवारात आपोआप उघडतं, नाहीतर मी आणि मॅनेजर दोघांनी मिळून परवानगी द्यायची. मॅनेजर समुद्रावर मासे धरायला गेलेत, त्यांचा फोन लागत नाही. तुम्ही म्हणालात की कळलं!"

"आत माझा भाऊ आहे."

"बू," तो हळू म्हणाला. तो हळू बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. "भाऊ? पेटीत?"

"नवरदेव आहे रे तो! आज लग्न आहे त्याचं!"

हवेची चिंता नव्हती, पेटीला वर चार झरोके आहेत. चिंता होती ती मुर्यातीची. ती आलीच. हिरवा पोशाख, कपाळावर काळी नक्षी, डोक्यावर सोन्याची फुलं थरथरतायत. सगळे बाजूला सरले. ती पेटीच्या दाराला तोंड लावून म्हणाली, "आत आहेस?"

"हो," आतून आवाज.

"मुद्दाम बसलास?"

"हो... नाही... म्हणजे, हो, पण..."

"लग्न करायचंय की नाही?"

"हो."

"हा 'हो' मला नको!" तिनं दारावर अशी थाप मारली की आत कोंबडा ओरडला. "हा तू सगळ्यांना देतोस. साहेबाला देतोस, भाजीवाल्याला देतोस. माझ्यासाठी वेगळं काही आहे का तुझ्याकडे?"

आतून पुन्हा कोंबडाच ओरडला. बोल की रे मेल्या, बोल! पण त्याला बिचाऱ्याला दुसरा शब्द शिकवलाच कुणी? मीच ना लहानपणापासून सांगायची, मोठ्यांना उलट बोलू नकोस, हो म्हण.

तेवढ्यात नवरीच्या मामांना पुरुषार्थ सुचला. ते पहार घेऊन आले. मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी कुलपात घातलीसुद्धा. आणि कुलपानं जो भोंगा काढला! म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, मांडवातली मांजरं पसार. मामा पहार टाकून स्वयंपाकघरात लपले.

बिनसारचा उलट फोन. "कुणी हात लावला? आता ते आवारात पोचेपर्यंत बोंबलणार!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. मी मडगार्डवर बसले आणि मला हसू फुटलं. खरंच. रडू यायचं होतं, पण आलं हसू. आणि हसता हसताच डोक्यात आलं. कुलूप इथं येत नाही, ठीक आहे. लग्नाला चाकं लावायला काय हरकत आहे?

मी ट्रकच्या पायरीवर चढले. "मंडळी! लग्न मांगकांगला! काझीसाहेब, किती वाजेपर्यंत मोकळे आहात?"

"पावणेबारापर्यंत. पुढं दुसरं लग्न आहे," काझीसाहेब म्हणाले. "पण गोदामात..."

"माणूस आहे, साक्षीदार आहेत, नवरीचे वडील आहेत. छप्पर कुठलं याचं कुठं बंधन आहे?"

त्यांनी दाढी कुरवाळली. "बंधन नाही," म्हणाले, आणि स्वतःच माझ्या शेजारी केबिनमध्ये चढून बसले.

मुर्याती जागची हलली नाही. मी तिच्याजवळ गेले. "अगं, तिकीट मंगळवारचं आहे ना? आज तर रविवार. चल, गंमत तरी बघ."

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. मग दोन्ही हातांनी सोन्याची फुलं घट्ट धरली आणि चुलतभावाच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसली. "चल रे, गाडी काढ. ट्रकच्या मागेच राहा. तो पळाला तर मला दिसला पाहिजे."

अशी वरात त्या रस्त्यानं कधी पाहिली नसेल. पुढं माझा ट्रक भोंगा वाजवत. मागं पन्नास मोटारसायकली. छोट्या टेम्पोत डफवाले, आणि त्यांनी काय करावं? भोंग्याच्याच तालावर डफ धरला! दुसऱ्या टेम्पोत भाताची पातेली आणि फणसाची भाजी, वर दोन मावश्या झाकणं दाबून बसलेल्या. भोंगा ऐकून लोकांना वाटे कुणी मोठा साहेब चाललाय. बस बाजूला, टँकर बाजूला. केंडालच्या चौकातल्या पोलिसानं सगळी वाहतूक अडवून मला सलाम ठोकला! बावीस वर्षांत याच चौकात त्यानं मला कितीदा थांबवलं असेल. मी सलाम परत केला. काझीसाहेब सुद्धा सलाम करत होते, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"बू," ते म्हणाले, "एक सांगून ठेवतो. माझ्यासमोर त्याचं नुसतं 'हो' चालणार नाही. अख्खं वाक्य, एका दमात, स्पष्ट. नाहीतर लग्न लागत नाही."

माझं हसू तिथंच मावळलं. अख्खं वाक्य? आमचा कार्याडी?

अकरा वीसला मांगकांग. बिनसार गोदामाच्या फाटकावरच उभा, केस उभे. पहारेकऱ्यानं वरात बघितली, आवक वही बघितली आणि फाटक सताड उघडलं. ट्रक आत शिरला आणि भोंगा एकदम बंद पडला. इतकी शांतता की कान दुखले. दिवा हिरवा झाला. टिक.

मी दार ओढलं.

आत गाद्यांच्या ढिगावर कार्याडी बसलेला. टोपी तिरकी, मांडीवर मनोरा, एक कण सांडलेला नाही, आणि डोक्यावर कोंबडा. घामानं निथळत होता. सकाळपासून त्यानं तो मनोरा हातांनी धरून ठेवला होता. त्यानं उजेडात डोळे मिचकावले, मुर्याती दिसली, आणि तो ओरडला. ओरडला हो! उभ्या जन्मात मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

"मला तुझ्याशीच लग्न करायचंय! दुसऱ्या कुणाशी नाही! मी मुद्दाम बसलो नाही! मला कुलूप कळलं नव्हतं! आणि तुझ्या बाबांनी आजवर जे जे सांगितलं ना, त्यातलं मला काहीसुद्धा कळलेलं नाही!"

सासरे गोरेमोरे. मोठ्या माणसाला असं तोंडावर? मी डोळे मिटले.

मग मुर्यातीचं हसू ऐकलं. आधी बारीक, मग एवढं की डोक्यावरचं एक फूल गळून पडलं. "बाबा," ती म्हणाली, "मलाही तुमचं पंचांग कळत नाही. कधीच कळलं नाही."

"मला तरी कुठं कळतं," सासरे पुटपुटले. "माझे वडील सांगतात, मी हो म्हणतो."

एक नवी गादी खाली अंथरली, प्लास्टिकसकट. कार्याडीनं सासऱ्यांचा हात धरला. काझीसाहेबांनी शब्द सांगितले, आणि त्यानं अख्खं वाक्य एका दमात म्हटलं, नावासकट, अंगठीसकट, एकही अक्षर न गिळता. साक्षीदार "कबूल!" म्हणाले, डफ वाजले, आणि पलीकडच्या गोदामातले हमालही "कबूल!" म्हणून ओरडले. घड्याळात अकरा एकेचाळीस. मी बिनसारच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले, आणि त्याचा सदरा खराब केला.

भात वाढला, मनोरा कापला. सगळ्यात मोठा तुकडा बिनसारला. तो दोन घास खाऊन उठला, हात पुसले आणि ट्रकजवळ जाऊन उभा राहिला. "आता सगळे इथं या! परत एकदा सांगतो. दार लागलं की कुलूप आपोआप बसतं. वर्तुळाबाहेर उघडत नाही. उघडायचं तर दोन परवानग्या. कळलं?"

"हो हो!" भाताच्या घासासकट अख्खं वऱ्हाड म्हणालं. काझीसाहेबसुद्धा.

बिनसारनं समाधानानं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं, अगदी टोकावर. पलीकडे कार्याडी माझ्याकडेच बघत होता, बायकोशेजारी बसून.

"नाही," मी म्हटलं. "काही कळलं नाही. पहिल्यापासून सांग."