साहेबांचा ठिपका

नियंत्रण कक्षात भिंतभर पडदा बसवला, त्या दिवशी वायरलेसबाईंना टेबलासकट खिडकीकडे सरकवण्यात आलं. बावीस वर्षं कानाला यंत्र लावून त्या नदीकाठच्या वस्त्यांशी बोलत आल्या होत्या. कुठल्या वस्तीत किती म्हातारी माणसं आहेत, कुठला बांध कुठे पाझरतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण पडदा कानामागून आला आणि तिखट झाला. आता बाईंना काम उरलं होतं एकच: पडद्यावर दिसेल तो आकडा तासातासाला वहीत उतरवायचा.

पडद्याचं काम मात्र थोर होतं. पूर आला की कुठली माणसं घर सोडणार, किती सोडणार, कुठल्या रस्त्याने येणार, हे तो आधीच सांगणार होता. त्यासाठी तो फोन मोजायचा. एक फोन म्हणजे एक राखाडी ठिपका. ठिपके हलायला लागले की तो बसगाड्या मागवायचा. मोठ्या होड्यांच्या गोदामाचं कुलूपसुद्धा त्याच्याच आदेशाने उघडायचं. माणसाने ते उघडायचं नाही, कारण म्हणे माणूस चुकतो. हे तत्त्वज्ञान राजधानीहून आलेल्या एका सल्लागाराचं होतं. तिशीतला, गुळगुळीत चेहऱ्याचा, नदीचं पाणी फक्त बाटलीतून पाहिलेला. बाई मनातल्या मनात त्याला ज्योतिषी म्हणायच्या. मनात फार काळ काही ठेवणं त्यांना जमत नसल्यामुळे महिन्याभरात सगळं ऑफिस त्याला ज्योतिषीच म्हणू लागलं.

बाईंचं माहेर खालच्या वस्तीत. तिथे फोनला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर, शिडी चढून गेल्यावर. म्हणून सगळ्या वस्तीचे फोन टाकीच्या कठड्याला बांधलेल्या एका टोपलीत ठेवलेले असतात. आळीपाळीने कुणीतरी तिथे बसतं, वाजेल तो फोन उचलतं आणि खाली हाक मारून निरोप देतं. बाईंनी हे ज्योतिषाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"तुमचा पडदा आमच्याकडची माणसं मोजत नाहीये, टोपली मोजतोय. माणसं बुडाली तरी टोपली जागच्या जागीच दिसेल."

ज्योतिषी हसला. "मॅडम, हा किस्सा झाला. डेटा नव्हे."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी वाद कोण घालणार! बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या.

कक्षप्रमुख साहेबांची तऱ्हा याहून वरताण. अधिकाऱ्यांच्या सरकारी फोनचा ठिपका लाल असायचा आणि राजधानीतल्या पडद्यावरही दिसायचा. कोण किती फिरतीवर असतं ते वरच्यांना कळावं, हा हेतू. साहेबांनी आठवड्याभरात त्यावर तोड काढली. सकाळी फोन जीपच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. ड्रायव्हर फोनला नदीकाठी फिरवून आणायचा आणि साहेब आतल्या खोलीत पंख्याखाली डुलक्या काढायचे. सर्वाधिक फिरतीबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांच्या डोक्यामागेच टांगलेलं होतं. त्याच्याखाली तोंड उघडं टाकून झोपलेले साहेब बाईंनी अनेकदा पाहिले होते.

मग पावसाळ्यात एके दिवशी पहाटे खालच्या वस्तीचा बांध फुटला. सहाच्या सुमारास बाईंचा फोन वाजला. टाकीवरून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. तो मासे धरतो.

"ताई, सगळे जण थांब्यावर उभे आहेत. बस कधी येतेय?"

बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. खालची वस्ती: एकशे बारा ठिपके, स्थिर.

"सगळे घरात आहेत, बाई. हलले की गाड्या आपोआप जातील."

"अहो, ते पोराबाळांसकट पावसात उभे आहेत. मी बोलले आत्ता भावाशी."

"तुम्ही बोललात. यंत्र नाही बोललं."

तीन तासांत भावाचे अकरा फोन आले. अकराही वेळा बाई आत गेल्या आणि हात हलवत बाहेर आल्या. शेवटी नऊला वस्तीने बसचा नाद सोडला, टोपली खाली उतरवली, ज्याचा त्याने फोन घेतला आणि सगळी चालत निघाली. वाटेत रेंज नाही. त्यामुळे पडद्यावर ती अजूनही घरातच बसलेली होती. साडेअकराला बाईंना ती खिडकीतून दिसली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, मांडीपर्यंत चिखल. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण ज्योतिषाची पाठ खिडकीकडे होती आणि पडद्यावर एकशे बारा ठिपके सुखात नांदत होते.

माणसं गावात शिरली तसे ठिपके एकदम उडी मारून गावात आले. खालच्या वस्तीसमोर आकडा उमटला: शून्य.

ज्योतिषाने टाळी वाजवली. "शंभर टक्के स्थलांतर! आणि एकही बस न वापरता!"

बाईंनी शून्य वहीत लिहिलं. असला निर्लज्ज आकडा त्यांनी बावीस वर्षांत लिहिला नव्हता.

बारा वाजता भाऊ धापा टाकत आला. तो वस्तीबरोबर चालत निघाला नव्हता. बुडालेल्या शेतांवरून होडी वल्हवत तो आला होता.

"ताई, नऊ जण मागे राहिलेत, चालता न येणारे. सगळ्यांनी मिळून त्यांना टाकीवर चढवून ठेवलंय. आईपण तिथेच आहे. पाणी शिडीच्या अर्ध्यावर आलंय."

"आईला घेऊन का नाही आलास?"

"कशी आणू? माझ्या होडीत मी आणि जाळं, एवढंच मावतं. तिच्या मोडक्या कमरेला शिडीवरून उतरवायलाच चार माणसं लागतात. मोठ्या होड्या सोडायला सांग गं."

बाई त्याला दंडाला धरून साहेबांसमोर घेऊन गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, पडद्याकडे पाहिलं आणि दुःखी चेहरा केला. दुःखी चेहरा करण्यात ते तरबेज होते.

"तिथे शून्य आहे, बाई. शून्य माणसांसाठी होड्या सोडल्या तर उद्या चौकशी माझी होईल."

"माझा फोन देते याच्याजवळ. टाकीवर पोचला की ठिपका दिसेल. मग तर झालं?"

"एक ठिपका?" ज्योतिषी मान हलवत म्हणाला. "पंचवीसच्या खाली असले की सिस्टीम ते ठिपके कचरा समजून गाळते. नाहीतर कुणी विसरलेल्या फोनसाठीसुद्धा होड्या पळत सुटतील."

"माझी आई कचरा?"

"पर्सनली घेऊ नका, मॅडम."

बाईंच्या हातात त्या वेळी काचेचा पेपरवेट होता. तो आपण खाली ठेवला, याचं त्यांना आजही नवल वाटतं.

तेवढ्यात राजधानीतून फोन आला. तीन वाजता मंत्री स्वतः पडदा बघणार होते आणि एकूण एक अधिकारी फिरतीवर दिसायला हवा होता. साहेबांची धांदल उडाली. ड्रायव्हर, ड्रायव्हर म्हणून त्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं, पण जीप पलीकडच्या पुलाजवळ अडकून पडली होती. ज्या माणसाला नऊ जिवांसाठी जागचं हलवत नव्हतं, तो एका ठिपक्यासाठी अनवाणी धावत होता.

बाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या आवाजात एकाएकी साखर उतरली.

"साहेब, माझा भाऊ नाहीतरी परत खालीच चाललाय. फोन त्याच्याकडे द्या की. बाकीच्यांचे ठिपके रस्त्यावर दिसतील, तुमचा भर पुरात."

साहेबांचा चेहरा खुलला. "खरंच की. पण भिजणार नाही ना हो? महागाचा आहे."

"टाकीवर आईजवळ ठेवायला सांगते. आई वस्तू फार जपते."

साहेबांनी स्वतःच्या हाताने फोन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये गुंडाळला, वर रबरबँड लावला आणि भावाला तीनतीनदा बजावलं. आईसाठी त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा दिली नाही. ती बाईंनी दिली.

दुपारी पावणेदोनला लाल ठिपका टाकीवर पोचला आणि थांबला. चोहीकडे निळं पाणी आणि मधोमध साहेब. लाल ठिपक्याला पंचवीसची अट नव्हती. पाच मिनिटांत पडदा किंचाळायला लागला. सकाळपासून शेकडो जीव हाका मारत होते तेव्हा मुकाट बसलेलं हे यंत्र लाल अक्षरांत लिहीत होतं: अधिकारी संकटात. गोदामाचं कुलूप आपोआप उघडलं. मोटारीच्या दोन मोठ्या होड्या, बारा जवान आणि एक डॉक्टर सतरा मिनिटांत पाण्यात उतरले.

आतल्या खोलीतून साहेब धावत आले. "थांबवा त्यांना! मी इथे आहे! बाई, मी इथे उभा आहे ना!"

बाईंनी वहीतून मान वर केली.

"तुम्ही बोललात साहेब. यंत्र नाही बोललं."

राजधानीला खरं सांगायचं तर वर्षभराच्या सगळ्या फिरतीचं भांडं फुटलं असतं. साहेब खोलीत गेले आणि दार लावून बसले. ज्योतिषी तोंड पाडून पडद्यासमोर उभा राहिला.

चार वाजता होड्या परत आल्या. बाई धक्क्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. एकेकाला उतरवताना त्या मोजत होत्या. शेवटी स्ट्रेचरवरून आई आली, पांढरीफटक पडलेली, पण शुद्धीवर. बाईंना रडू फुटलं. मोजणी मात्र आठवरच थांबली होती.

जवानांचा प्रमुख चिडून विचारत होता, "साहेब कुठे आहेत? आम्हाला साहेबांना आणायला पाठवलंय."

आईने पदराखालून पिशवी काढली, रबरबँड तपासला आणि त्याच्या हातावर ठेवली.

"हा घ्या तुमचा साहेब. कोरडा आहे."

मग ती लेकीकडे वळली. "शेजारचे तात्या गेले गं. साडेबाराला कठड्यावरचा हात सुटला त्यांचा, हा पोचायच्या आधी. बस येईल, बस येईल म्हणत होते."

साडेबारा. म्हणजे आत साहेब ड्रायव्हरला शोधत होते तेव्हा. बाईंनी आईच्या अंगावर आपला कोट घातला, तिला भावाच्या हवाली केलं आणि ओल्या पायांनी कक्षात आल्या. पाचचा आकडा लिहायची वेळ झाली होती. पडद्यावर खालच्या वस्तीसमोर पुन्हा शून्य आलं होतं आणि ज्योतिषी अहवाल टाइप करत होता: सर्व सुखरूप.

बाईंनी वही उघडली. पडदा आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्यावर पाहून लिहिलं नाही.

खालची वस्ती, पाच वाजता: एक.