झाल्यावर सांगायचं

आईला कुठलीही गोष्ट झाल्यावरच सांगायची, हा आमच्या घरातला नियम. परीक्षा निकालानंतर, प्रवास पोचल्यावर, दाढ उपटून आल्यावर. आधी सांगितलं की तिचा जीव टांगणीला आणि आमच्या डोक्याला ताप. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आईचे त्यांना इतके फोन यायचे की सोबतचे कामगार तिला 'कंट्रोल रूम' म्हणत. आम्हीही हसायचो. आई म्हटली की काळजी आलीच!

आई घरी कपडे शिवते. गिऱ्हाइकाची शिवण भर रस्त्यात उसवली तर, या भीतीने ती घातलेली टीप उसवून पुन्हा घालू लागली. झोप उडाली, पोट बिघडलं, फोन वाजला तरी हात थरथरायचे. बाजारात जाणंही बंद झालं. "मन घट्ट कर," मी फटकारायचे. जणू मन म्हणजे सैल झालेला नाडा, ओढला की झालं.

मला दिवस गेले तेव्हा बाबांना सांगितलं, आईला नाही. चौथा लागला की सांगू, म्हटलं. ड्रेस कमरेत होईना, तो तिच्याकडूनच सैल करून घेतला आणि जाड झालेय अशी थाप मारली. मग तिसऱ्यातच सगळं संपलं. नवरा परगावी होता. दवाखान्यात बाबा उशाशी बसलेले असताना आईचा फोन आला. "लिफ्टमध्ये आहे गं, आवाज तुटतोय," एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून रडले. मला तेव्हा आई हवी होती. फार हवी होती. पुढे तोच ड्रेस मी तिला घट्ट करायला दिला. वजन उतरलं, म्हणाले.

परवा आईच्या छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या.

"बघ, काही झालेलं नाही तुला," मी म्हणाले.

"असं नका म्हणू," डॉक्टरबाईंनी मला तिथेच गप्प केलं आणि आईकडे वळल्या. "काळजी थांबवायची म्हटलं तर थांबते का हो?"

"नाही. एक कारण मिटलं की दुसरं सापडतं. कित्येक महिने असंच चाललंय."

"मग हा नुसता स्वभाव नाही. चिंतेचा आजार असावा. आपण नीट तपासू. बोलून करायचे उपचार आहेत, औषधंही आहेत, बरं वाटतं माणसाला. या काळजीपायी काही सुटलं का तुमच्या हातून?"

मला वाटलं, बाजार म्हणेल. फार तर शिवणकाम.

"लेक सुटली," आई म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली.

"ड्रेस सैल करताना कळलं होतं मला. आनंदाने वेडी झाले होते. घट्ट करायला आणलास तेव्हाही कळलं. दोन्ही टिपा मीच घातल्या ना."

"मग विचारलं का नाहीस गं?"

"विचारलं असतं, तर तू स्वतःचं रडणं गिळून मलाच सांभाळत बसली असतीस."