भिंतीची साल

धाकटीने आईच्या घरातली बोळकांडी सोलायला घेतली तेव्हा आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती आणि अजून किती राहिलंय म्हणून मधूनमधून विचारत होती. घर विकलं गेलं होतं. नवा मालक ते पाडून दुसरं बांधणार होता आणि आई थोरल्या मुलाकडे राहायला जायची होती. धाकटी मांडणशिल्पं करायची. पुढच्या प्रदर्शनासाठी तिने ही बोळकांडी मागितली, तेव्हा आई म्हणाली होती, "घे की. केळं सोलावं तसं घर सोलणारी एवढी एकच माझ्या पोटी आली."

पद्धत साधी होती, पण चिकाटीची. भिंत झाडायची नाही, पुसायची नाही. तिच्यावर रबराचा पातळ चीक ब्रशने लावायचा, त्यावर जाळीचं कापड चिकटवायचं, पुन्हा चीक, पंखा लावून वाळवायचं, पुन्हा चीक. नाकाला झोंबणारा वास सगळ्या घरात भरतो. शेवटी कोपऱ्यातून नख घालून दोन्ही हातांनी ओढलं की भिंतीची साल निघते. मधाच्या रंगाची, दमट आणि जड. भिंतीकडच्या अंगाला रंगाचे पोपडे, कोळिष्टकं, एखादा केस, सगळं घेऊन ती येते. या सालीबरोबर एक काळपट तेलकट पट्टाही आला. काचबिंदूने आईची नजर कमी होत गेली, तशी ती उजवा तळवा भिंतीवर घासत खोलीतून स्वयंपाकघरात जायला लागली होती. तिच्या कमरेच्या थोडा वर, सलग, कुठेही न तुटलेला असा तो पट्टा होता. धाकटीला खरं तर तोच हवा होता.

साल निघाली त्याच संध्याकाळी आई दाराच्या चौकटीवर आपटली. नंतर दोनदा धडपडली, आणि एकदा पडली ती भुवईला टाके पडण्याइतकी. थोरला तिला आपल्याकडे घेऊन गेला, पण तिथेही तेच. तो आणि त्याची बायको दिवसभर कामावर असत. थोरल्याने धाकटीला शांतपणे सांगितलं की आता आणखी एकदा पडली तर वृद्धाश्रमाशिवाय इलाज नाही. तिथे निदान चोवीस तास माणूस असतं. तो काही दुष्ट नव्हता, फक्त दमलेला होता. आईला हे माहीत होतं. रस्त्यावर सोडलंत तरी चालेल, पण तिथे नको, एवढंच ती म्हणे.

धाकटीने तिला विचारलं की एवढ्या वर्षांची सवय एका दिवसात कशी मोडली. भिंत तर जागेवरच होती.

"भिंत होती गं," आई म्हणाली. "आत कुणी नव्हतं."

मग तिने ओझरतं सांगितलं की इतकी वर्षं भिंतीवर हात ठेवला की पलीकडून कुणीतरी तळव्याला तळवा लावून बरोबर चालायचं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. रस्ता ओलांडताना कुणी कोपराला धरावं, तेवढंच. धाकटीने ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं आणि कामाला लागली.

तिचा स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या बाटल्यांच्या कारखान्यातली एक शेड. मिस्त्रीने लोखंडी सांगाडा जोडून दिला होता, बोळकांडीच्याच लांबीरुंदीचा. त्यावर साली टांगायच्या, बाहेरून दिवे लावायचे, म्हणजे आत चालणाऱ्याला रबरातून पलीकडचे डाग आणि तो पट्टा अंधूक दिसेल, अशी कल्पना होती. घरातल्या नळाचा आणि बिजागऱ्यांचा आवाज तिने आधीच टिपून ठेवला होता.

चूक घडी घालताना झाली. रबर रबराला चिकटू नये म्हणून सालीवर पावडर फासतात. त्या पावडरीखाली खडूच्या खुणा बुजल्या. भिंतीकडचं अंग कुठलं आणि माणसाकडचं कुठलं, ते कळेना. मिस्त्रीने आणि तिने अंदाजाने टांगलं. पावडर पुसल्यावर दिसलं की सगळं उलटं लागलंय. पोपडे आणि पट्टा आतल्या बाजूला. म्हणजे आत शिरणारा माणूस बोळकांडीत नाही, भिंतीच्या बाजूला उभा राहत होता.

"स्वेटर उलटा घातला तरी ऊब तीच ना, ताई," मिस्त्री म्हणाला आणि चहाला गेला.

ती सवडीने बदलणार होती. पण दुसऱ्या दिवशी थोरल्याला आईला सोडायला जागा नव्हती, म्हणून तो तिला शेडमध्ये घेऊन आला. आईने हात पुढे केला, तो थेट पट्ट्याला लागला. काठी तिथेच ठेवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. थोरला बघतच राहिला. त्यानंतर तो रोज सकाळी तिला आणून सोडू लागला, आणि काही दिवस ती त्याच्या घरीही नीट वावरली. वृद्धाश्रमाचं नाव मागे पडलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी त्याचा फोन आला. आई सापडत नव्हती म्हणून त्याने सगळं घर पालथं घातलं होतं. ती कपाटामागे होती. कपाट आणि भिंतीत चार बोटांची फट, आणि तिच्यात आई, सरळ, स्वस्थ उभी. कपाट दोघांनी ढकललं तेव्हा तिला काढता आलं. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मी माझ्या जागेवर उभी होते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने काम बाजूला ठेवून तिच्यावर लक्ष ठेवलं. आई आता चालत नव्हती. सालीला छाती टेकून, पट्ट्यावर तळवा ठेवून ती उभी होती. बाहेरून पाहिलं तर रबरावर तिच्या हाताचा आणि कपाळाचा फुगवटा आला होता.

"काय करतेस आई?"

"कुणी आलं तर हात द्यायला नको का?"

धाकटीला तेव्हा कळलं की आपण तिला कुठे नेऊन ठेवलंय. तिने मिस्त्रीला बोलावलं. दिवसभर खपून दोघांनी साली उतरवल्या आणि उलटवून टांगल्या. पट्टा बाहेर गेला. आत राहिलं नुसतं गुळगुळीत रबर.

दुसऱ्या दिवशी थोरला आईला घेऊन आला तेव्हा ऊन पत्र्यावर होतं. आईने आत पाऊल टाकलं, हात लावला आणि थांबली. तिने रबर वर-खाली चाचपलं. मग ती खाली जमिनीवरच बसली आणि उठेना. थोरल्याने तिला काखेत धरून उभं केलं, तर ती पाऊलच उचलेना. आपल्याकडून होईल तेवढं केलं, आता उद्या आश्रमात फोन करतो, असं त्याने तिथूनच मोठ्याने सांगितलं. आई हात तेवढा पुढे धरून होती.

धाकटी सांगाड्याला वळसा घालून बाहेरच्या बाजूला गेली. शेडची विटांची भिंत आणि साल यांच्यामध्ये जेमतेम अंग जाईल एवढी जागा होती. तिने पट्टा शोधला आणि त्यावर आपला तळवा ठेवला. रबर थंड होतं. मग पलीकडून दाब आला, बोटाला बोट लागलं.

"आलीस होय," आई म्हणाली. "चल."

धाकटी चालू लागली. पलीकडे आईची पावलं ऐकू येत होती, आधी घसटत, मग उचलून पडणारी. आपल्याच तळव्याखाली तिचा तळवा सरकताना कळत होता. थोरला म्हणाला, "सावकाश," आणि आई म्हणाली, "तू सोड मला."

सांगाड्याचा शेवटचा खांब यायला हवा होता, तो आला नाही. साल पुढे गेली आणि डावीकडे वळली. आईच्या घरात वळायची तशी, स्वयंपाकघराकडे. तिथल्या भिंतींना धाकटीने चीक कधी लावलाच नव्हता. विटांची भिंत आता पाठीला लागत होती. उजेड आता फक्त पलीकडच्या बाजूने, रबरातून येत होता.

हात काढला असता तर मागे फिरता आलं असतं, असं तिला अजून वाटत होतं.

"आई, तू एकटी चाललीस की," पलीकडून थोरल्याचा आवाज आला. तो हसत होता. पुष्कळ दिवसांनी हसत होता. "राहू दे मग आश्रमाचं. बघू आपण."

आईचा तळवा पुढे सरकला. धाकटीने अंग चोरलं आणि तळवा न उचलता तिच्याबरोबर पाऊल टाकलं.