मागच्या चाकातली एकवीसची ट्यूब

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो वाटेत थबकतो, मागे वळून बघतो, त्याला पुढे जाता येत नाही. म्हणून ऑक्टोबरपासून मी माझ्या मुलाचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. इथेही, नाव घ्यायची वेळ येईपर्यंत, 'माझा मुलगा' एवढंच म्हणेन, त्यावर भागवून घ्या.

बायनखोंगोर गावच्या बाजारात निळ्या कंटेनरमध्ये माझं दुकान आहे. मोटरसायकलचे टायर, ट्यूब, रिमलॉक, व्हॉल्व्ह, टायर खोलायच्या पट्ट्या, सगळं मिळतं. तेवीस वर्षं हेच करतेय. तोंडाची मी फटकळ, त्यामुळे निम्मी गिऱ्हाईकं बोलणी खायलाच येतात असं शेजारच्या कंटेनरमधली दुल्मा म्हणते. ती चेन आणि स्पोक विकते आणि दिवसातून आठ वेळा चहाचा थर्मास घेऊन माझ्याकडे येते.

ट्यूब कुठली घ्यायची हे लोकांना कळत नाही. पातळ घेतात, स्वस्त म्हणून, आणि दगडावर चाक आपटलं की सापाच्या दातांसारखी दोन भोकं पाडून परत येतात. मी विचारते, कुठे चालवणार? वाळूत की दगडांत? एकटा की मागे बायको? मग जाड ट्यूब देते, मागच्या चाकाला रिमलॉक देते. टायर रिमवर सरकला की ट्यूबला ओढून नेतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. रिमलॉक त्याला धरून ठेवतो. आणि लांब जाणाऱ्याला सांगायचे, जास्तीची ट्यूब एकच ने. पुढच्या चाकाची, एकवीस इंची. ती अडीनडीला मागच्या अठरा इंची चाकातही बसते, घडी घालून, गावापर्यंत पोचवते. दोन दोन कशाला वागवायच्या? जाड ट्यूब म्हणजे वजन असतं. अख्ख्या बाजारात हा माझा नियम म्हणून ठाऊक होता.

माझा मुलगा परदेशी पाहुण्यांना खांगाईच्या डोंगरात फिरवायचा. डांबरावर पळतात आणि दगडधोंड्यांतही चढतात त्या उंच मोटरसायकलींवरून. गेल्या ऑक्टोबरमध्ये हंगाम संपला आणि शेवटची गाडी खिंडीपलीकडच्या तळावर पोचवायला तो एकटाच निघाला. थैलीत त्याने दोन ट्यूब भरल्या होत्या. एक मी काढली. माझ्या हाताने. म्हटलं, ट्यूबवालीचा मुलगा असून हे कळत नाही का रे तुला? तो हसला. त्या जागी मी आरूल भरलं, वाळवलेलं दही, आणि उंटाच्या लोकरीचे मोजे.

दुपारनंतर बर्फाचं वादळ आलं. तो तिसऱ्या दिवशी सापडला, गाडीपासून चार कोसांवर. गाडीचं मागचं चाक उघडलेलं. ट्यूबवर तीन पॅच, एकही धरलेला नाही. त्या थंडीत पॅच धरतो होय? आणि थैली नव्हतीच. थैलीच नाही, ट्यूब नाही.

अख्खा हिवाळा मी त्याच्यावर चिडून काढला. खरं सांगते. मी एक काढली ती काढली, पण दुसरी तरी न्यायची ना? कुठे विसरलास? कुठल्या टपरीवर चहा पिताना टाकून आलास? भुलक्कड, बेफिकीर, ट्यूबवालीचा मुलगा आणि ट्यूबवाचून गेला. देव्हाऱ्यापुढे दिवा लावतानासुद्धा मनात शिव्याच. त्या रागावरच मी उभी होते.

मे महिन्यात, धुळीच्या दिवसांत, दुपारी एक तरुण आला. पंचविशीचा, गाल थंडीने फाटलेले. मेंढपाळ. दीडशे सीसीची खिळखिळी झालेली गाडी बाहेर उभी केली आणि दारात टोपी काढून उभा राहिला.

"मावशी, एकवीसची ट्यूब पाहिजे. जाडवाली."

"तुझ्या गाडीला पुढे एकोणीस दिसतंय. एकवीस काय गळ्यात घालणार?"

"माझ्यासाठी नाही. परत द्यायचीय एकाला. बाजारात निळ्या कंटेनरमध्ये त्याच्या आईचं दुकान आहे म्हणाला होता. पण निळे कंटेनर निघाले तीन. म्हटलं, आधी ट्यूब घेऊ, मग आई शोधू."

आणि त्याने झग्याच्या आतून थैली काढून फळीवर ठेवली.

हिरव्या कापडाची, चांदीचं बटण असलेली. माझ्या जुन्या झग्याची बाही कापून मीच शिवलेली. बटणापाशी दोरा संपला होता म्हणून चार टाके लाल घातलेत. थैली फुगलेली होती. आमच्याकडे भांडं असो की थैली, रिकामी परत करत नाहीत. त्याने आत आरूल आणि खडीसाखर भरली होती.

मी टायरच्या चळतीवर बसले.

"तुमचीच काय?" तो खूश झाला. "म्हणजे सापडली! मी बाद्राल. झाग गावाकडचा. तुम्ही त्याच्या आई?"

मी मान हलवली.

मग तो उकिडवा बसून सांगायला लागला. बायको सोलोंगो सुमच्या, म्हणजे तालुक्याच्या, दवाखान्यात अडलेली, निरोप आला तसा हा निघाला, आणि खिंडीच्या अलीकडे मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटला.

"नट रिमला घट्ट आवळला असशील," मी म्हणाले. सवयीनेच.

"हेच! हेच तो म्हणाला! 'अरे शहाण्या, नट रिमला आवळायचा नसतो, वर टोपणाला टेकवून ठेवायचा. टायर सरकला की व्हॉल्व्ह वाकडा होतो आणि तुला कळतं. माझ्या आईने बघितलं तर कानाखाली जाळ काढेल.' बोलत बोलत त्याने चाक खोललं, आपली ट्यूब घातली, हवा भरली. मी हात लावू का म्हटलं, तर म्हणे तू बायकोची काळजी कर. निघताना थैलीही हातात दिली, ट्यूबची पावडर वगैरे राहू दे तुझ्याकडे म्हणाला. मी विचारलं मावशी, विचारलं बरं का, की तुझ्याकडे दुसरी आहे ना? आभाळ काळं झालेलं. तर हसला. म्हणाला, 'आहे की. माझी आई ट्यूब विकते, मला ट्यूबचा काय तोटा?'"

कंटेनरमध्ये पत्रा तापून टकटक वाजत होता. मी थैलीचं बटण लावत होते, काढत होते, लावत होते.

विसरला नव्हता. अगं बाई, विसरला नव्हता तो. नेली होती, आणि दिली होती. आणि दुसरी नव्हती, कारण ती मी काढली होती.

"मुलगी झाली," बाद्राल सांगत होता. "अर्धा तास उशीर झाला असता तर सोलोंगोला पुढे मोठ्या दवाखान्यात नेता आलं नसतं म्हणाले. दवाखान्याची गाडी थांबवून ठेवली होती त्यांनी माझ्या सहीसाठी. आता सात महिन्यांची झाली. दात आलेत दोन. हिवाळ्यात यायचं होतं पण बर्फ, मग मेंढ्यांची वीण. तोंड दाखवायला लाज वाटतेय एवढा उशीर केला."

"आणि ट्यूब?"

"ती अजून गाडीतच आहे."

"सात महिने?" माझा आवाज चढला. "अठराच्या चाकात एकवीसची ट्यूब सात महिने? ती गावापर्यंत जायला असते रे! घडीवर घासून फाटली असती कधी! घरात तान्हं पोर आहे ना? आण ते चाक इकडे!"

तो धावतच गेला. बरं झालं, मला तेवढा वेळ तोंड पुसायला मिळाला.

चाक मीच खोललं. त्याला हात लावू दिला नाही. नट सैल होता, टोपणाला टेकलेला, माझ्या मुलाने शिकवलं तसा. सात महिन्यांत याने पंपाने दहादा तरी हवा भरली असणार, माझ्या मुलाने भरलेली त्यात उरली नसणार, मला धंद्यातलं कळत नाही का? तरी व्हॉल्व्हची पिन फिरवली तेव्हा मी तोंड खाली नेलं आणि ती हवा चेहऱ्यावर घेतली. रबराचा वास आला, बाकी काही नाही. ट्यूब बाहेर काढली, घडी घातली, मांडीवर ठेवली.

तेवढ्यात दुल्मा थर्मास घेऊन आली.

"काय गं, गिऱ्हाइकाची पूजा करतेस की काय आज?"

"मावशी," बाद्राल दुल्माला सांगायला लागला, "यांच्या मुलाने माझ्या बायकोचा जीव वाचवला. कुठे आहे तो? भेटूनच जाईन म्हणतो."

दुल्माचा हात थर्मासवर तसाच राहिला. "अरे पण तो तर..."

"फिरतीवर आहे," मी म्हणाले. "दुल्मा, तुझं गिऱ्हाईक हाका मारतंय बघ."

कुणी हाका मारत नव्हतं. दुल्माने माझ्याकडे बघितलं, थैलीकडे बघितलं, आणि थर्मास तिथेच ठेवून, तोंडावर हात दाबून निघून गेली.

मी अठराची जाड ट्यूब पावडर लावून चाकात घातली. रिमलॉक बसवला. हात आपोआप चालत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, याला कळता कामा नये. कळलं तर हा जन्मभर त्या पोरीच्या दातांकडे बघेल आणि त्याला माझा मुलगा दिसेल. पोरीने काय केलंय? यानेही काय केलंय? विचारलं होतं की त्याने. ज्याने द्यायची त्याने हसत दिली. ते हसू मी कशाला बुडवू?

"मावशी, एक राहिलंच," बाद्राल टोपी हातात फिरवत म्हणाला. "त्याचं नाव काय? गडबडीत विचारलंच नाही मी. सोलोंगो रोज टोचते, देवापुढे नाव तरी घ्यायला नको का म्हणते."

मी गप्प राहिले.

फार नाही, दोन श्वासांएवढा वेळ. पण आमच्यातल्या कुठल्याही माणसाला हे कळतं. आईला मुलाचं नाव विचारलं आणि तिने घेतलं नाही, तर पुढे काही विचारायचं उरत नाही. बाद्रालची टोपी फिरायची थांबली. त्याने हळूच थैलीकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या ट्यूबकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरायला लागला.

"तुमेनजर्गल," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, बाहेर उभ्या असलेल्याला हाक मारावी तसं. "तुमेनजर्गल त्याचं नाव. घरी तुमे म्हणतो. एक नंबरचा बडबड्या, तुला ठाऊकच आहे."

त्याने श्वास सोडला. मग हसला. "तुमेनजर्गल," तो घोळवून म्हणाला. "बरा आहे ना तो?"

"बरा आहे. त्याला काय होतंय?"

"नादामच्या सणाला घरी यायचंच म्हणावं. मेंढी कापतो."

"सांगते."

एकवीसची नवी ट्यूब त्याने माझ्याकडूनच विकत घेऊन मलाच परत द्यायला काढली, तेव्हा मी ओरडले, "माझ्याच फळीवरची उचलून मलाच देतोस? ठेव ती!" तो पैसे पुढे करत राहिला, मी घेतले नाहीत, ट्यूब फळीवर परत गेली. शेवटी दोन ट्यूब त्याच्या गाडीला बांधल्या, एक एकोणीसची, एक अठराची.

"दोन? पण बाजारात तर सगळे एकच न्या म्हणतात."

"आता दोन सांगते. घेऊन जा मुकाट्याने."

वाटेला लागणाऱ्यामागे आमच्यात दूध शिंपडतात. दूध नव्हतं, म्हणून दुल्माच्या थर्मासातला दुधाचा चहाच मी त्याच्या चाकांमागे शिंपडला. तो बाजाराच्या वळणावर हात हलवून दिसेनासा झाला.

मी आत आले. दार अर्धं ओढून घेतलं. नाव तर घेऊन झालंच होतं. थांबला असेल तो वाटेत, वळून बघत असेल. मग म्हटलं, थांबलाच आहेस तर ऐक.

"तुमे," मी म्हणाले, "तू विसरला नव्हतास रे. मीच काढली होती."

ती जुनी ट्यूब मी पुन्हा मांडीवर घेतली होती. दुल्मा दाराशी येऊन उभी होती, पण ती आत आली नाही.